एका नगाचा लॉट

कापणीचा सण म्हणजे सावेडीच्या त्या छोट्या चर्चमधला वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. अर्थात हे पाळकसाहेबांच्या समोर म्हणायचं नसतं. त्यांच्या मते ती उपकारस्तुती. शेतात जे पिकलं, खुराड्यात जे वाढलं, त्यातला पहिला वाटा आणून वेदीपुढे ठेवायचा, प्रार्थना करायची आणि मग बाहेर मांडवात त्याचा लिलाव करायचा. पैसे देवाच्या कामाला. त्यामुळे एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी भांडणारी माणसं त्या दिवशी एका कोहळ्याला शेळीची किंमत देतात, आणि देताना आजूबाजूला कोण कोण बघतंय याचीही नोंद ठेवतात.

अडचण एवढीच, की सावेडीच्या फ्लॅटांत राहणाऱ्या निम्म्या मंडळीची शेती म्हणजे कुंडीतली कोरफड. ही माणसं मग सणाच्या आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन देवासाठी काहीतरी पिकवून आणतात. यशया भांबळ त्यातलाच. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्याची अख्खी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर कारखान्याने त्याला घड्याळ दिलं, ते त्याने आधी दुकानात नेऊन तपासून घेतलं. असा माणूस. दरवर्षी तो सणाला लाल भोपळा आणायचा. भोपळाच का, याला त्याच्याकडे कारणं होती: वजनाच्या मानाने स्वस्त, दिसायला दांडगा, आणि लिलावात नाहीच उठला तर सडत नाही.

गेल्या वर्षी रतनबाईंनी या भोपळ्याचा निकाल लावला. रतनबाई वांबोरीकडच्या. दीड एकर रान, पाच-सहा गावरान कोंबड्या आणि एक जीभ, एवढी त्यांची मालमत्ता; तिन्ही त्या चांगल्या राखून होत्या. मांडवात भोपळा उचलून त्यांनी उलटा केला आणि म्हणाल्या, "यशयाभाऊ, ह्यो भोपळा मी काल भाजीबाजारात बघितला."

"मावशी, भोपळे काय, सगळे सारखेच दिसतात."

"दिसत्यात. पर ह्याच्या बुडाला नखं लागल्याली हायत. ती माझी. कवळा हाय का बघत हुते. निबार निघाला म्हनून ठिवला खाली."

मांडव हसला. यशयाच्या बायकोने, दयाने, पदर तोंडाला लावला. तो लाज वाटून लावला की हसू दाबायला, हे यशयाला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्याचे कान तापले.

"पुढच्या वर्षी माझ्या हाताच्या कष्टाचं आणीन," तो म्हणाला.

"काय आनताय? नटबोल्ट?"

"मासा आणीन!"

मासाच का सुचला, याला मात्र कारण शेजारी उभं होतं. दयाचा धाकटा भाऊ सायमन. प्लॉटची दलाली करणारा, तोंडाने गोड आणि हाताने सैल. रविवारी चर्च आणि शनिवारी मासेमारी असा त्याचा नेम. त्याच्याकडे परदेशातून मागवलेला कार्बनचा रॉड होता. घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग रॉड, मग चहा.

"वा दाजी!" सायमन म्हणाला. "आणा की मासा. माझा रॉड देतो."

"रॉड माझा असेल. तुझ्यापेक्षा स्वस्त आणि तुझ्यापेक्षा टिकाऊ."

त्याच वेळी पाळकसाहेब मागून चालले होते. काय चाललंय ते न ऐकताच त्यांनी सवयीने "आमेन" म्हटलं. झालं. शिक्का बसला.

माणूस एवढं बोलून बसला की दुसऱ्या दिवशी गळ घेऊन पाण्यावर जातो. यशया कोटेशनं मागवायला लागला. आयुष्यभर त्याने खिळासुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आत घेतला नव्हता. दयाला पाहायला जाण्याआधी आणखी दोन ठिकाणी चहापोहे झाले होते, आणि ती हे विसरलेली नव्हती.

"आमचं कोटेशन सगळ्यात कमी निघालं असणार," ती अधूनमधून म्हणे.

"क्वालिटी बघितली होती," तो म्हणे. इतक्या वर्षांत त्याला यापेक्षा बरं उत्तर सुचलं नव्हतं.

जुन्या नगरात काकासाहेबांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तिथे क्रिकेटच्या बॅटींच्या मागे, कॅरमच्या पावडरीशेजारी, चार-सहा रॉड कोपऱ्यात उभे असत. यशया पहिल्यांदा गेला तो दोन तास बसला.

"टेलिस्कोपिक दाखवू?" काकासाहेबांनी एक काठी खळ्ळकन ओढून लांब केली. "मिटली की डिकीत मावते."

"सांधे किती?"

"पाच-सहा असतील."

"म्हणजे पाच-सहा ठिकाणी मोडणार."

"साहेब, माणसालाही सांधे असतात."

"म्हणूनच म्हणतोय," यशया म्हणाला. त्याचा गुडघा तेव्हा दुखत होता.

"मग हा कार्बन घ्या. पिसासारखा हलका."

"आपटला तर?"

"आपटायचा कशाला?"

"खडकावर पडला, गाडीच्या दारात सापडला तर?"

काकासाहेबांनी खरं सांगितलं, की कार्बन जोरात आपटला तर आतून तडकतो, वरून कळत नाही, आणि मग ऐन मासा लागल्यावर दगा देतो. यशयाला सायमनच्या रॉडची आठवण झाली आणि आतून बरं वाटलं.

"चीनचा आहे का हा?"

"रॉड चीनचा असला तरी मासा इथलाच आहे, साहेब."

मग मुळा धरणाच्या रस्त्यावरची टपरी झाली. तिथे वेफर्सच्या माळांना खेटून गळ टांगलेले असत आणि टपरीवाला बांबूशिवाय दुसऱ्या कशाला काठी मानत नसे. बांबू स्वस्त खरा, पण त्याला रीळ बसत नाही, आणि लांब दोरी सोडायची सोय नाही. मग मोबाईलवरची दुकानं झाली. तिथे एकाच रॉडला एक माणूस पाच तारे देत होता आणि दुसरा आईबहिणीवरून शिव्या. यशयाने दोघांचंही वाचलं. दोघांनीही रॉड वापरून किती दिवस झाले ते लिहिलं नव्हतं, म्हणून दोघांनाही बाद केलं.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. चर्चच्या पायरीवर रतनबाई भेटल्या की विचारत, "मासा व्यालाय का अजून?" सायमन विचारी, "दाजी, टेंडर उघडलं का?" यशया म्हणे, "चाललंय."

खरं म्हणजे त्याच्या मनात रॉड केव्हाच ठरला होता: भरीव फायबरचा, दोनच तुकड्यांचा, दोरी ओवायला जाड कड्यांचा. कार्बनपेक्षा वजनाला जड, पण वाकेल आणि मोडणार नाही. पडेल आणि तडकणार नाही. किंमत सायमनच्या रॉडच्या पासंगालाही पुरणारी नाही. एका रात्री जेवताना त्याने दयाला हिशेब समजावला. "हा बारा-पंधरा वर्षं सहज जाईल. मग वर्षाला खर्च किती आला? वडापावाएवढा."

"आणि काठी तुमच्यापेक्षा जास्त टिकली तर?" दयाने आमटी वाढत विचारलं. "उरलेली वर्षं कुणाच्या नावावर टाकायची?"

तो यावर थोडा वेळ खरोखरच विचार करत होता.

सण दोन आठवड्यांवर आला तेव्हा कुठे रॉड घरी आला. आणि इथेच, आयुष्यभराची शिस्त अंगात मुरलेल्या माणसाकडून जे व्हायचं ते झालं. कारखान्यात माल आला की यशयाची एक पद्धत होती. हुक असोत, साखळ्या असोत, त्यातला एक नग काढायचा, शिकंज्यात धरायचा आणि मोडेपर्यंत ताणायचा. कितीला मोडला ते लिहायचं. चांगल्या आकड्याला मोडला की बाकीचा माल पास. त्याच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, याचा त्याला अभिमान होता.

दया दुपारी बायबल क्लासला गेली होती. यशयाने रॉडची मूठ गच्चीच्या कठड्याला सुतळीने करकचून बांधली. टोकाला बादली अडकवली. बादलीत तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली. रॉड वाकला. आणखी घातलं. रॉड आणखी वाकला, पार कमान झाली. यशयाचं मन भरून आलं. मोबाईलवरच्या पाच तारेवाल्याचं बरोबर होतं. तो तांब्यावर तांब्या ओतत गेला, बादली काठोकाठ भरत आली, आणि कुठे तरी उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. बादली खालच्या मजल्यावरच्या राजनंदिनीच्या स्कूटरवर पडली.

दया आली तेव्हा तो जिन्यात ओल्या अंगाने बसला होता आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"पास!" तो म्हणाला. "दया, अख्खी बादली पेलली! एवढा मोठा मासा आपल्याकडे मिळतच नाही. अप्रतिम माल आहे."

"बघू. कुठाय?"

यशयाने हातातले दोन तुकडे वर केले. आणि मग, तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता, त्याच्या हळूहळू लक्षात आलं, की कारखान्यात हुक हजाराने यायचे. इथे लॉट एका नगाचा होता.

 दया आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांच्या दुकानात:

"तुटली?"

"तोडली."

"का?"

"बघायला."

काकासाहेबांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, जोडून पाहिले, परत सोडले. धंद्यात त्यांनी नाना गिऱ्हाइकं पाहिली होती. "मग कशी निघाली?" त्यांनी विचारलं.

"उत्तम. तसलीच द्या."

"तसली एकच उरलीय. दोनच आल्या होत्या. एक तुम्ही मारली."

यशयाने तो शेवटचा रॉड हातात घेतला, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं, कडी ओढून पाहिली, मूठ पिळून पाहिली. त्याच्या पलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. तपासायचा म्हटला तर तोही जाणार. न तपासता घ्यायचा म्हटला तर आतून कसा आहे कोण जाणे. पहिला चांगला होता म्हणून दुसरा चांगला असेल, हे सायमनसारखी माणसं बोलतात. पण सण तोंडावर आला होता, पाळकसाहेबांचं आमेन डोक्यावर होतं आणि रतनबाईंची जीभ त्याच्याही वर. नोकरीत कधी घेतला नाही असा बिनतपासणीचा माल यशयाने आत घेतला, आणि घरी येईपर्यंत तो रिक्षात रॉड कुशीत घेऊन बसला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

सणाच्या आदल्या शनिवारी सायमनची गाडी मुळा धरणाच्या फुगवट्याला लागली. सायमनच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान थेट पाण्याला भिडलेलं होतं. वरच्या वाफ्यांत बायका ओळीने कांदा लावत होत्या. सायमनने घडीची खुर्ची उघडली, टोपी घातली, काळा चष्मा लावला, बारा खणांची पेटी उघडली आणि कार्बनचा रॉड असा काढला, की वाफ्यातल्या बायकाही क्षणभर थांबल्या. यशयाने दयाने दिलेला कणकेचा गोळा काढला. त्यात शेंगदाण्याची पेंड मळलेली होती.

"हे काय, भाकरी करताय का?" सायमन म्हणाला.

"तू तुझं बघ."

दुपार झाली. सायमनला काही लागलं नाही. पण त्याने यशयाला बरंच शिकवलं: मनगट कसं ठेवायचं, सावली पाण्यात कशी पडू द्यायची नाही, परदेशात लोक मासा पकडून परत कसे सोडून देतात. "आपण तर त्याच्याही पुढे गेलोय," यशया म्हणाला. "आपण पकडतच नाही."

जेवण झालं. पोटाला बरं वाटावं म्हणून यशयाने पँटचा पट्टा दोन भोकं सैल केला. जुनी कंपनीची पँट, कमरेला तशीही ढगळ झालेली. आणि मग त्याच्या दोरीला असा हिसका बसला की रॉड हातातून जाता जाता राहिला.

"लागला! दाजी, लागला! काठी वर धरा! वाकू द्या!"

काठी वाकली. आणि ती वाकताना पाहून यशयाच्या डोळ्यासमोर गच्चीवरची कमान उभी राहिली. त्याच्या कानात तो उसाच्या कांड्याचा आवाज घुमला. ही काठी बिनतपासणीची. हिची बादली अर्धीच असली तर? रिळातून दोरी सोडायची असते, हे सायमनने सकाळीच तीनदा सांगितलं होतं, पण त्या क्षणी ते यशयाच्या डोक्यातून साफ उडालं. राहिला तो एकच विचार: काठीवर भार येता कामा नये. मासा ओढतोय ना, मग आपणच त्याच्याकडे जावं.

यशया पाण्यात शिरला.

"दाजी! अहो, तुम्ही मासा ओढायचाय! त्यानं तुम्हाला नाही!"

मासा आणखी ओढायचा, यशया आणखी पुढे जायचा. गुडघाभर, मांडीभर, कमरेभर. खाली फुगवट्याचा गाळ, घोट्यापर्यंत पाय धरणारा. काठी अजिबात वाकत नव्हती, यशयाचं काळीज थाऱ्यावर होतं, आणि मासाही बहुधा चक्रावला असावा, कारण असा पाठलाग करणारा कोळी त्याच्या बघण्यात आला नसणार. शेवटी तो दमला. यशयाने काठी दातांत धरली आणि दोन्ही हातांनी मासा कवटाळला. दांडगा रोहू, लहान पोर उचलावं तसा. मग तो वळला आणि काठाकडे निघाला. पँट मात्र त्याच्याबरोबर निघाली नाही. ती गाळातच राहिली.

कांद्याच्या वाफ्यातल्या बायकांनी जे पाहिलं ते असं: पाण्यातून एक वयस्कर गृहस्थ येतोय, दातांत काठी, छातीशी मासा, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. एकीने "अगं बाई बाई बाई!" म्हटलं आणि सगळी ओळ वाफ्यात बसली. यशयाला ओरडून काही सांगायचं होतं, पण तोंडात काठी होती. हात झाकायला न्यावे तर मासा सुटला असता. त्याने मासा धरला.

शेतकऱ्याने युरियाची रिकामी गोणी दिली. ती कमरेला गुंडाळून यशया गाडीत बसला. सायमनला गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली, हसून डोळ्यांना दिसेना म्हणून.

"हे कुणाला सांगायचं नाही," यशया म्हणाला.

"नाही."

"शपथ घे."

"शपथ घेऊ नये असं बायबलात लिहिलंय, दाजी. शब्द देतो." सायमनने डोळे पुसले. "पण मग मला काही मिळालं नाही, हेही सांगायचं नाही."

"नाही सांगत."

असा दोघांचा सौदा झाला. सावेडीत गाडी शिरली तेव्हा अंधार पडला होता, देवाची कृपा.

रविवारी सकाळी यशयाने रोहू केळीच्या पानावर, परातीत, बर्फात मांडून वेदीपुढे ठेवला. भोवती ज्वारीची कणसं, कांद्याच्या माळा, अंड्यांच्या टोपल्या, रतनबाईंच्या पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. उपदेश कशावर होता हे यशयाला आठवत नाही. तो मासा बघत होता. मासा त्याच्याकडे बघत होता.

प्रार्थना संपली, सगळं मांडवात आलं. लिलाव पुकारायला नेहमीप्रमाणे गोरक्षनाथ मास्तर उभे राहिले; आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला तरी घरात आजोबांच्या आजोबांचं नाव चालत आलेलं, ते त्यांनीही सोडलं नव्हतं. "आणि हा," मास्तरांनी परात उचलली, "आपले यशया भांबळ यांनी स्वतःच्या हाताने पकडलेला..."

"थांबा, मास्तर," रतनबाई म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. वाकून माशाच्या डोळ्यांत पाहिलं. कल्ला उघडून पाहिला. मग यशयाकडे पाहिलं. "ताजा हाय," त्या म्हणाल्या. "लई ताजा हाय. किती वाजता घेतला?"

"घेतला नाही, मावशी. पकडला."

"बरफ कुठला?"

"बर्फ..." यशया अडखळला. "बर्फ मासळी बाजारातला."

"आमच्या नातीनं, जास्मिननं, सकाळी बघितलं की तुमाला तितं. मासळी बाजारात. स्कूटर लावून."

"बर्फ आणायला गेलो होतो!"

"व्हय. बरफ आनला आन् त्यात मासा निघाला."

मांडव हसला. यशयाला तो आवाज ओळखीचा होता. कान तापायला लागले. त्याने घाईघाईने खिशात हात घातला. "रॉडची पावती दाखवतो. काकासाहेबांच्या दुकानातली. ही बघा!"

मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं. "ह्या दोन पावत्या आहेत, यशयाभाऊ. दोन काठ्या घेतल्या? एका माशासाठी?"

"पहिली मी मोडली."

"मासा लागून?"

"नाही. मासा लागण्याआधी. गच्चीवर. बादलीने."

त्याने बादलीचं समजावून सांगायला सुरुवात केली, लॉट, नमुना, मोडण्याचा आकडा, आणि सांगता सांगताच त्याला ऐकू आलं, की हे किती खोटं वाटतंय. विकत घेतलेली काठी घरी आणून कुणी मोडतं का? पाळकसाहेब मध्ये पडले. "बंधुभगिनींनो, आपण एकमेकांवर विश्वास ठेवला पाहिजे," ते इतक्या दयाळू आवाजात म्हणाले, की ज्यांना थोडाफार विश्वास होता त्यांचाही उडाला.

गंमत बघा. इतकी वर्षं बाजारचे भोपळे आणले तेव्हा लोकांनी गुमान घेतले. एकदाच खरा मासा आणला, तर चौकशी बसली. यशयाने दयाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. युरियाच्या गोणीतला नवरा तिने काल दारात घेतला होता. काय झालं ते तिने विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. आता ती फक्त बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यात त्याला कळलं, की हिलाही पक्कं ठाऊक नाही.

ते मात्र त्याला सोसेना.

गर्दीतून सायमन खाकरला. "दाजी," तो म्हणाला. "सांगू?"

 यशयाच्या डोक्यात दोन पारडी झाली. एकीकडे बाजारचा मासा आणून देवापुढे खोटं बोललेला इभ्रतदार स्टोअरकीपर. दुसरीकडे खरा मासा, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. तिसरं कोटेशन नव्हतं.

"सांग," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. तुझ्यासकट."

सायमनने तोंड वाकडं केलं. पण एकदा बोलायला उभा राहिल्यावर प्लॉट विकणारा माणूस स्वतःला आवरू शकत नाही. त्याने आधी आपली खुर्ची, टोपी, चष्मा सांगितला, आणि दिवसभरात एक चिलापीसुद्धा लागली नाही, हेही सांगून टाकलं. मग कणकेचा गोळा. मग हिसका. मग यशयाची नक्कल करत तो मांडवातून पाय उचलत उचलत, हात पुढे धरून, माशामागे चालत गेला. गुडघाभर. मांडीभर. कमरेभर. दातांत मास्तरांची छत्री धरून, छातीशी रतनबाईंची कोंबडी कवटाळून तो वळला तेव्हा पाळकसाहेबांनी खांबाचा आधार घेतला. आणि चड्डीच्या पट्ट्यांचा रंग त्याने सांगितला तेव्हा मागच्या बाकावरच्या छबूबाईंना उचकी लागली.

"आणि कांदे लावणाऱ्या बायका?" कुणीतरी विचारलं.

"आडव्या!"

यशया परातीशेजारी उभा होता. पळून जावं असं त्याला वाटत होतं, पण मासा तिथे होता. त्याने चोरून दयाकडे पाहिलं. तिने या खेपेला पदर तोंडाला लावला नव्हता. ती तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "ती निळीच! मी घेतलेली! दोन घेतल्या होत्या!"

हसू ओसरायला वेळ लागला. रतनबाईंनी नाक पुसलं, कोंबडी परत घेतली आणि हात वर केला.

"हे खरं हाय," त्यांनी निकाल दिला. "खोटं बोलनारा मानूस सोताची चड्डी त्यात घालत न्हाई. मास्तर, पुकारा."

मास्तरांनी पुकारलं. बोली झपाट्याने चढली. सायमन वर वर बोलत होता, घरी रिकाम्या हाताने दोनदा जायची त्याची तयारी नव्हती. पण दर खेपेला रतनबाई त्याच्या डोक्यावर आणखी ठेवत गेल्या, आवाज न चढवता, कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत. शेवटी सायमनने मान हलवली. मासा रतनबाईंना सुटला.

त्यांनी परात यशयाच्याच हातात दिली, गाडीपर्यंत न्यायला. दया शेजारून चालत होती. गाडीत परात ठेवून झाल्यावर रतनबाईंनी कमरेच्या पिशवीतून तंबाखूची डबी काढली, जरा थांबल्या.

"उद्या कालवन करनार हाय. दोघंबी या जेवायला. बाजरीच्या भाकऱ्या करते."

"येतो की, मावशी," यशया म्हणाला.

"आमचं रान जरा चिखलाचं हाय, कालच पानी दिलंय." त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "नाडीचा लेंगा घालून या."